अँमीटरचा काटा डावीकडेच का? जुन्या बुलेटचं चार्जिंग घरी तपासताना

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या एका मित्राने वर्षभरात तीन बॅटऱ्या बदलल्या. चौथी आणायला निघाला तेव्हा त्याला अडवलं आणि म्हटलं, बुलेट आमच्या अंगणात आणून लाव. गाडी नव्वदच्या दशकातली: ३५० सीसी, बारा व्होल्ट, किक स्टार्ट, बिडाचं इंजिन. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं (तिथली धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा ही गाडी गावभागातल्या जुन्या घरी सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर त्याने हौसेने ती पूर्ण उघडून घेतली. फ्रेमला पावडर कोटिंग झालं, टाकीवर सोनेरी रेघा आल्या. गाडी नवरीसारखी सजली, पण बॅटरी भरेना.

तीन बॅटऱ्यांच्या मध्ये एक रेग्युलेटरही बदलून झाला होता, आणि शेवटचा सल्ला मिळाला होता, "स्टेटरची कॉइल भरून आणा." म्हणजे वीज तयार करणाऱ्या कॉइलची तार नव्याने गुंडाळून आणा. एवढ्या सगळ्यात कुणी एकदाही मीटर लावून बघितला नव्हता. मिरजेत तंबोरा कानाने लागतो, पण चार्जिंग कानाने लागत नाही. हॉर्न मोठा वाजला म्हणून बॅटरी चांगली आणि दिवा पिवळा पडला म्हणून कॉइल गेली, असले निदान ऐकून माणूस नुसता खिसा रिकामा करतो.

दोन रविवारांत आम्ही जे केलं ते त्याच क्रमाने सांगतो. फुकटात आणि बाहेरून तपासता येणारं आधी, चेनकेस (इंजिनच्या डाव्या बाजूची पेटी) उघडणं सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका.

हाताशी काय हवं

चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर. एक टेस्ट लॅम्प: जुन्या टेललाइटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि दोन वायरी झाळून टाका. बारीक पॉलिश पेपर, पितळी ब्रश, काही थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे कान), व्हॅसलिन. पाण्याची बॅटरी असेल तर काचेचा हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा). आणि वही. वहीला हसू नका, चौथ्या आकड्यानंतर पहिला आठवत नाही.

बॅटरीवर काम करताना हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. भरत्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बिडी-सिगारेट लांब. बॅटरी काढताना अर्थची (बॅटरीतून फ्रेमला जाणारी) वायर आधी सोडा, लावताना ती शेवटी लावा. म्हणजे पाना फ्रेमला टेकला तरी ठिणगी उडत नाही. इंजिन चालू ठेवून मोजायचं ते उघड्यावर, बंद खोलीत नाही.

आधी आपली गाडी ओळखा

मद्रासला १९५५ मध्ये बुलेट बनायला लागली, तेव्हापासून तिच्या वायरिंगमध्ये इतके फेरफार झाले आहेत की शेजाऱ्याच्या गाडीचा नकाशा आपल्या गाडीला लागेलच असं नाही. त्यात तीस-चाळीस वर्षांत पाच-सहा वायरमनचे हात फिरलेले. त्यामुळे वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. मित्राच्या गाडीत हिरवी, निळी आणि पुन्हा हिरवी अशी एकच वायर तीन तुकडे जोडून केली होती.

चार गोष्टी वहीत लिहा. बॅटरीला झाकणं तीन असतील तर सहा व्होल्ट, सहा असतील तर बारा. बॅटरीचं कोणतं टोक फ्रेमला गेलंय, मायनस की प्लस? बऱ्याच जुन्या इंग्रजी गाड्यांत प्लस अर्थ असतो, आणि अशा गाडीला बॅटरी उलटी लावली की रेक्टिफायर क्षणात जातो. तिसरं, मशीन कोणतं: बुलेटसारखा अल्टरनेटर की जावा-येझदीसारखा डायनॅमो? शेवटचं, हेडलाइट बॅटरीवर चालतो की थेट कॉइलवर? यासाठी इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि हेडलाइट लावा. पेटला तर बॅटरीवर. पेटलाच नाही, आणि इंजिन चालू झाल्यावर पेटला, तर तो थेट एसीवर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बारा व्होल्टच्या बुलेटमध्ये असंच असतं. अशा गाडीत आयडलला हेडलाइट मंद होणं हा बिघाडच नव्हे, आणि त्या मंद दिव्याचा बॅटरीच्या चार्जिंगशी काही संबंधही नाही. निम्मे लोक इथेच फसतात.

काम कसं चालतं ते थोडक्यात. क्रँकच्या डाव्या टोकाला, प्रायमरी चेनकेसच्या आत, लोहचुंबकाचा रोटर फिरतो. त्याच्याभोवती स्टेटरची कॉइल असते. तिच्यात एसी वीज तयार होते. रेक्टिफायर तिची डीसी करतो, रेग्युलेटर जास्तीची वीज अडवतो किंवा अर्थला सोडतो, आणि उरलेली वीज अँमीटरमधून बॅटरीत जाते. अँमीटरचा काटा उजवीकडे म्हणजे बॅटरी भरतेय, डावीकडे म्हणजे उतरतेय. मधे जितके जोड, तितक्या बिघाडाच्या जागा.

पहिली पायरी: बॅटरी

उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंग तपासणं म्हणजे फुटक्या घागरीने विहिरीचं पाणी मोजणं. आधी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरून घ्या. तिच्या अँपिअर-अवरच्या (एएच, म्हणजे क्षमतेच्या) एक दशांश करंटने भरायची. पाच एएचची असेल तर अर्ध्या अँपिअरने. ट्रॅक्टरच्या बॅटरीसोबत मोठ्या चार्जरला लावून दोन तासांत "फुल" करून देतात, तसं नको. प्लेटा वाकतात.

भरल्यावर निदान तीन-चार तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.६ किंवा त्याहून थोडं जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास उतरलेली. सहा व्होल्टला हेच आकडे निम्मे करा, भरलेली ६.३ च्या पुढे दिसते. रात्रभर भरून सुद्धा बारा व्होल्टची बॅटरी १०.५ च्या आसपास अडली असेल तर तिचा एक सेल मेलाय. पुढे तपासण्यात अर्थ नाही, ती बदलाच.

आकडा चांगला आला तरी लगेच खूश होऊ नका. बॅटरीवर चालणारे दिवे पाच मिनिटं लावून ठेवा. व्होल्टेज थोडं उतरून स्थिरावलं तर ठीक. घसरतच राहिलं आणि ११.५ च्या खाली गेलं तर बॅटरी नुसती वरवर भरलेली आहे. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक सेल वेगळा बघा. सगळे १.२५ च्या पुढे आणि एकमेकांच्या जवळ हवेत. पाच चांगले आणि सहावा १.१५ वर, तर तो सहावा बाकीच्यांना घेऊन बुडणार. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी भराभर उडतं. प्लेटा उघड्या पडू देऊ नका, आणि भर फक्त डिस्टिल्ड वॉटरची. ॲसिड घालायचं नाही, आरओचं पाणीही नाही.

मित्राची बॅटरी १२.६५ वर टिकली. म्हणजे तिसरी बॅटरी ठणठणीत होती. बहुधा आधीच्या दोन्हीही असतील, त्या भंगारात गेल्या.

दुसरी पायरी: चालू इंजिनवर

मीटर डीसी व्होल्टवर, त्याच्या टोच्या (वायरींची टोकदार टोकं) थेट बॅटरीच्या शिशावर, म्हणजे तिच्या शिशाच्या टोकांवर, वायरच्या नटवर नव्हे. हा बारकावा नंतर कामाला येतो. इंजिन चालू करा, हळूहळू रेस वाढवा आणि तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसने जाताना होतो तसा आवाज धरून ठेवा.

बारा व्होल्टच्या गाडीत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला तर चार्जिंग चालू आहे आणि तुमचा बिघाड दुसरीकडे आहे, बहुधा गळतीत. ती पायरी खाली आहे. सहा व्होल्टला हाच पट्टा साधारण ६.९ ते ७.३. रेस वाढवूनही आकडा बंद गाडीच्या आकड्यावरून हलला नाही तर बॅटरीपर्यंत काहीच पोचत नाही. थोडासा वाढून अडला तर वीज तयार होतेय पण वाटेत मरतेय. आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर सुटलाय. लगेच बंद करा, नाहीतर बॅटरी उकळेल आणि बल्ब जातील.

आमचा आकडा: आयडलला १२.४, रेसला १२.५. काटा मधोमध, जरासा उजवीकडे.

एक गोष्ट कधीच करू नका. चालू गाडीची बॅटरीची वायर उपटून "गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग आहे" असं दाखवणारे महाभाग अजून आहेत. बॅटरी हा सगळ्या सर्किटचा गादीसारखा आधार असतो. तो काढला की व्होल्टेज उसळी मारतं आणि चांगला रेग्युलेटर, चांगले बल्ब त्या एका प्रयोगात जातात.

तिसरी पायरी: जोड आणि अर्थिंग

इथे घाई करू नका. माझ्या अनुभवात जुन्या गाडीचं चार्जिंग कॉइलपेक्षा जोडांमध्येच जास्त वेळा अडतं, आणि नेमकं हेच कुणी तपासत नाही, कारण जोड दुरुस्त केल्याचं बिल करता येत नाही.

मीटरवरचं 'बीप' इथे दगा देतं. चाळीस तारांच्या वायरमधली एक तार शाबूत असली तरी मीटर बीप करतो, कारण तपासताना त्याला नगण्य करंट लागतो. तीच वायर दोन अँपिअर वाहायला लागली की गळपटते. म्हणून जोड तपासायचा तो वाहत्या करंटवर, दोन्ही टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते मोजून. बायकोला, भावाला, कुणालातरी रेस धरून उभं करा आणि हे चार आकडे घ्या.

बॅटरीच्या शिशावर: आमचे १२.५.
रेग्युलेटरच्या प्लस वायरवर, त्याच्याच बॉडीच्या तुलनेत: १४.४.
रेग्युलेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत: ०.३.
बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत: १.६.

बेरीज करून बघा. १४.४ मधून ०.३ आणि १.६ वजा केले की १२.५ उरतात. रेग्युलेटर त्याचं काम चोख करत होता, स्टेटरही. १.६ व्होल्ट बॅटरीच्या अर्थमध्ये जिरत होते. हा आकडा ०.१ च्या आसपास हवा, ०.२ ला कान टवकारा.

अर्थची वायर सोडली तर नवं कोरं थिंबल, चकचकीत बोल्ट, आणि खाली पावडर कोटिंगचा काळाभोर जाड थर. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच, त्यातून वीज जात नाही. जो काही थोडा करंट वाहत होता तो बोल्टच्या आट्यांमधून. पुरानंतर गाडी सुंदर करायच्या नादात अर्थिंगची जागाच रंगवली गेली होती, आणि त्यावर तीन बॅटऱ्या आणि एक रेग्युलेटर कुर्बान झाला. रंगाऱ्याचा दोष नाही. त्याला कुणी ती जागा झाकायला सांगितली नव्हती.

पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली, थिंबल नवं झाळून बसवलं, दातेरी वॉशर टाकला, घट्ट आवळलं आणि मग वरून व्हॅसलिन. व्हॅसलिन वरून, आधी नाही. शिवाय फ्रेमवर भरवसा न ठेवता बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या एका बोल्टपर्यंत एक जाड वायर वेगळी ओढली. ही वायर मी आता प्रत्येक जुन्या गाडीला टाकतो. पुन्हा मोजलं: अर्थमध्ये ०.०५, बॅटरीवर १४.०५. मित्र काही बोलला नाही. नुसता आत जाऊन चहा सांगून आला.

उरलेले ०.३ प्लसच्या वाटेवर. ही वाट बुलेटमध्ये हेडलाइटच्या कवचात जाते, अँमीटरमधून फिरते आणि परत येते. अँमीटरच्या मागचे दोन नट थरथरीने सैल होतात. बॅटरीची वायर सोडून मगच तिथे हात घाला, कारण त्या नटांवर कायम बॅटरी असते आणि कवच अर्थ असतं. पाना टेकला तर वायरिंगचा धूर. नट घासून आवळल्यावर आकडा ०.१ वर आला, बॅटरीवर १४.२ दिसले. अँमीटरच खराब असल्याचा संशय असेल तर त्याच्या दोन्ही वायरी एकाच नटावर आणून, टेप गुंडाळून तात्पुरतं मोजा. आकडा सुधारला तर दोषी सापडला.

पुरात बुडालेल्या गाडीत अजून एक रोग असतो. वायर बाहेरून चांगली, आत तांबं हिरवं. पाणी केशिकांसारखं तारांमधून वर चढतं आणि आवरणाच्या आत हात-हातभर तांबं खातं. जोडाजवळ अर्धा इंच आवरण सोलून बघा. तार लालसर चकाकत असेल तर ठीक, काळी किंवा हिरवी असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. चांगलं लागलंच नाही तर ती वायर नवी टाका. दुसरी नेहमीची जागा हँडलच्या गळ्यापाशी, जिथे वायरिंग वळणावळणाला वाकतं. इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि मीटरचा आकडा उडतोय का बघा.

चौथी पायरी: स्टेटर, न उघडता

जोड स्वच्छ करूनही आकडा चढत नसेल तरच इथे या. स्टेटरच्या वायरी चेनकेसमधून रबरी गुटक्यातून बाहेर येतात. त्यांचा कनेक्टर सोडा. मीटर एसी व्होल्टवर. रेस वाढवली की व्होल्टेज पायरीपायरीने चढलं पाहिजे, आयडलच्या दुप्पट-तिप्पट. नेमका आकडा मशीनगणिक वेगळा, पण चढणं महत्त्वाचं. गाडीत हेडलाइटची कॉइल वेगळी असेल तर दोन्ही जोड्या वेगवेगळ्या मोजा.

मोकळ्या वायरीवरचं व्होल्टेज मात्र निम्मंच सत्य सांगतं. दोन फेरे आतल्या आत चिकटलेली कॉइलही बिनओझ्याने बरा आकडा दाखवते. म्हणून त्या दोन वायरींना हेडलाइटचा ३५ वॉटचा बल्ब लावा आणि थोडीच रेस द्या. लख्ख पेटला तर कॉइलमध्ये जीव आहे. रेस वाढवूनही नुसता लालसर निखारा राहिला तर कॉइल किंवा रोटर दुबळा. फार वेळ जोरात रेस देऊ नका, बल्बवर रेग्युलेटर नाही, तो उडेल.

मग इंजिन बंद करून ओहम, म्हणजे कॉइलचा रोध, बघा. मीटरच्या दोन टोच्या एकमेकींना लावून त्यांचा स्वतःचा आकडा आधी घ्या (आमच्या मीटरचा ०.३) आणि तो वजा करा. दोन वायरींमध्ये साधारण एक ओहम किंवा त्याहूनही कमी दिसतो. अनंत दाखवलं तर आत तार तुटलेली. कॉइलची वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये, तिथे अनंतच हवं. काही मशीनमध्ये कॉइलचं एक टोक मुद्दाम अर्थ केलेलं असतं. तुमच्या गाडीचा नकाशा एकदा बघून घ्या, नाहीतर चांगली कॉइल भरायला जाईल.

पाचवी पायरी: रेक्टिफायर आणि रेग्युलेटर

जुन्या गाडीत हे दोन वेगळे असतात, नंतरच्यांत एकाच डबीत. मेकॅनिक अजून सगळ्यालाच 'कटआऊट' म्हणतात. रेक्टिफायर म्हणजे चार डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणारी चार दारं. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एसीच्या एका टोकावर लाल टोची, प्लसवर काळी: ०.५ ते ०.७ दिसलं पाहिजे. टोच्या उलट करा: काहीच दिसता कामा नये. तसंच दुसऱ्या एसी टोकाशी. मग मायनसवर लाल आणि दोन्ही एसींवर आळीपाळीने काळी, तोच खेळ. दोन्ही दिशांना आकडा आला तर डायोड शॉर्ट, कुठेच आला नाही तर उडालेला. एकत्र डबीत ही तपासणी डायोडपुरतीच खरी. रेग्युलेटरचा भाग मीटरला दिसत नाही, तो चालू गाडीवरच कळतो.

जुन्या पत्र्यांच्या, सेलेनियमच्या रेक्टिफायरचा मधला नट कधी फिरवू नका. पत्रे आपसात सरकले की तो तिथेच संपला. मूळ भाग जपायचा हट्ट नसेल तर त्याजागी केबीपीसी ३५१० हा चौकोनी ब्रिज बसतो, ३५ अँपिअरचा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्त. मागे उघडा धातू येईल अशा जागी आवळा, म्हणजे उष्णता जाते. पण तो फक्त रेक्टिफायर आहे. रेग्युलेटर वेगळा लागतोच, नाहीतर बॅटरी उकळते.

व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर नवा रेग्युलेटर आणण्याआधी त्याची बॉडी फ्रेमला नीट टेकलीय का बघा. पुन्हा तेच पावडर कोटिंग. काही रेग्युलेटर बॉडीतूनच अर्थ घेतात. तो नाही मिळाला की त्यांना मोजताही येत नाही आणि रोखताही येत नाही.

सहावी पायरी: आता चेनकेस

इथवर कुणी क्वचितच पोचतं. डावीकडचं फूटरेस्ट आणि ब्रेकचा पेडल काढावा लागतो, खाली तेलासाठी पसरट भांडं ठेवायचं, आणि जुन्या बुलेटचं झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर असतं. परत लावताना हा नट जोर लावून आवळला की झाकण वाकतं आणि तेल गळतं. बुलेट तेल गाळतेच म्हणतात, त्यातलं निम्मं या नटाचं पाप.

आत तीन गोष्टी बघा. स्टेटरच्या वायरी चेनला घासून सोललेल्या आहेत का? गरम तेलात वर्षानुवर्षं राहून आवरण काड्यांसारखं कडक झालंय का? रोटरवर चकचकीत घासल्याच्या खुणा आहेत का? रोटर आणि स्टेटर यांच्यात सगळीकडून निदान ०.२ मिमी फट हवी. ती मोजायला प्लास्टिकची किंवा पितळी पट्टी घ्या, लोखंडी फीलर गेज चुंबकाला चिकटतो आणि खोटं सांगतो. फट एका बाजूला कमी असेल तर स्टेटरचे नट सैल करून मध्यभागी आणा. रोटर हाताने हलवून बघा. त्याला क्रँकवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चावीवर (गाडीची चावी नव्हे) खडखडत असेल तर ती चावी किंवा तिची खाच गेली. हातोड्याचे घाव खाल्लेला रोटर चुंबकत्व गमावतो. त्याला कॉइल कितीही नवी भरा, बल्ब निखाऱ्यासारखाच जळेल.

आमच्या मित्राचं चेनकेस उघडावंच लागलं नाही.

सातवी पायरी: उभ्या गाडीतली गळती

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा हजर. चालवली की भरते, पण चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी खाली. म्हणजे दुसरा बिघाड.

चावी बंद. बॅटरीची अर्थ वायर सोडा आणि तिथे मीटर मधोमध लावा, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. मीटर असा लावलेला असताना चावी, हॉर्न, किक काहीही नाही, मीटरचा फ्यूज जातो. जुन्या बुलेटला घड्याळ नाही, कॉम्प्युटर नाही. तिथे शून्यच दिसायला हवा. आम्हाला ०.०४ दिसला. किरकोळ वाटतो, पण चोवीस तासांचे जवळपास एक अँपिअर-अवर होतात, आणि बॅटरी पाच एएचची. पाच दिवसांचा हिशेब चोख जुळला.

आता एकेक कनेक्टर सोडत जायचं आणि मीटरकडे बघायचं. रेग्युलेटरचा सोडला, आकडा शून्य. हा तोच नवा म्हणून कुठूनतरी बसवलेला रेग्युलेटर. फोडून बघितला तर आत ओल आणि गंज. नवा टाकला, मिटलं.

गळतीचे आणखी दोन नेहमीचे गुन्हेगार चावी चालू असतानाचे आहेत. पहिला ब्रेकचा स्विच. त्याची स्प्रिंग जास्त ताणलेली असली की मागचा २१ वॉटचा दिवा दिवसभर जळत राहतो, म्हणजे पावणेदोन अँपिअर गेले. चालवणाऱ्याला दिसत नाही, मागच्याला दिसतो. दुसरा म्हणजे चावी चालू ठेवून गाडी बंद सोडणं. पॉइंट (ठिणगीसाठी इग्निशन कॉइलची वीज तोडणारा-जोडणारा स्विच) मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर इग्निशन कॉइल तीन-चार अँपिअर खात बसते, बॅटरी जाते आणि कॉइलही तापते. बुलेटवाल्यांना हे काट्यावरून आपोआप कळतं: किक हळूच दाबताना काटा डावीकडून मध्यावर उडी मारतो तेव्हा पॉइंट उघडला, मग डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून पिस्टन थोडा पुढे न्यायचा आणि सणसणीत किक. चालू करण्याच्या त्या जुन्या पद्धतीत अर्धं निदान होतंच.

सहा व्होल्ट आणि डायनॅमोवाल्यांसाठी

सहा व्होल्टच्या गाडीला जोडांची माया दुप्पट करावी लागते. तेवढ्याच वॉटला दुप्पट करंट लागतो, म्हणून त्याच खराब जोडात दुप्पट व्होल्ट हरवतात, आणि ते हरवतात मुळातल्या सहांतून. बाराच्या गाडीत ०.३ चालून जातात, सहाच्या गाडीत हेडलाइट पणती होतो.

जावा-येझदीचा डायनॅमो क्रँकच्या उजव्या टोकाला असतो. तिथे आधी कार्बन ब्रश बघा: झिजून आखूड झालेत का, आपल्या घरात मोकळे सरकतात का, स्प्रिंगला जोर आहे का. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा पडला असेल तर अगदी बारीक पेपरने, पेट्रोलच्या फडक्याने पुसून स्वच्छ करा आणि पट्ट्यांमधल्या खाचांतली कार्बनची भुकटी काडीने काढा. डायनॅमोची बरीचशी दुरुस्ती तेवढ्यात होते. कटआऊटच्या पॉइंटना घासायचा मोह मात्र आवरा. त्यांची स्प्रिंग वाकवून ज्याने 'सेटिंग' केलं त्याने पुढच्याचं काम वाढवून ठेवलं.

ओझं किती टाकलंय

सगळं ठीक करूनही रात्री बॅटरी उतरत असेल तर गणित करा. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ३५ वॉटचा हेडलाइट बारा व्होल्टवर तीन अँपिअर घेतो, ६० वॉटचा हॅलोजन पाच. त्यात दोन फॉग लाइट, चार इंडिकेटर आणि ट्रकचे हॉर्न लावले की त्या काळातल्या अल्टरनेटरच्या आवाक्याबाहेर जातं. तिथे बिघाड काही नाही, तुमची हौस जास्त आहे.

संध्याकाळी आम्ही हरिपूरपर्यंत जाऊन आलो. चिंचांच्या झाडाखालून येताना काटा मध्याच्या जरा उजवीकडे थरथरत होता, तसाच असायला हवा. बॅटरी भरली की तो मध्यावरच येतो. घरी पोचल्यावर वहीत १४.२ लिहिलं, सकाळी गार गाडीवर १२.७. मित्र आता हेडलाइटला एलईडी टाकायचं म्हणतोय. मी त्याला म्हटलं, आधी तुझ्या ब्रेकचा दिवा बघ, मगाशी गेटातून आत येताना तो पेटलेलाच होता.